सरसकट चार मार्क

उत्तरपत्रिका दाखवायच्या दिवशी माझ्या केबिनबाहेर सकाळपासून पोरांची रांग असते. डिसेंबरातली थंडी, स्वेटरच्या बाह्या ओढून ओढून सैल झालेल्या, कुणाच्या हातात कँटीनचा वडापाव कागदात गुंडाळलेला. एकेकजण आत येतो, आपला पेपर उलटसुलट बघतो आणि रांगेत उभं राहून पाठ केलेलं वाक्य म्हणतो. "मॅडम, इथं स्टेपला अर्धा तरी द्या." "मॅडम, टोटल परत एकदा बघता का?" त्या दिवशी दुपारपर्यंत असे पुष्कळ अर्धे मी दिले, पुष्कळ नाकारले. मग ती आली. सिव्हिलच्या दुसऱ्या वर्षाची, पहिल्या बाकावर बसणारी नव्हे, भिंतीकडेला बसून खाली मान घालून लिहिणारी. पेपर समोर ठेवला तरी तिनं तो उघडला नाही. म्हणाली, "मॅडम, मला मार्क वाढवून नकोत. पण पाचव्या प्रश्नाला तुम्ही सगळ्यांना चार मार्क दिलेत ना, त्यात माझे चार गेले."

पाचव्या प्रश्नाची हकिकत अशी. आकृतीत दोन टेकूंवर ठेवलेली तुळई होती, बरोबर मध्यावर २० किलोन्यूटनचा भार. झेरॉक्सवाल्याच्या मशीनमध्ये कागद तिरका गेला आणि आकृतीखालची लांबी कापली गेली. परीक्षेच्या हॉलमध्ये व्हायचा तो गोंधळ झाला. सुपरवायझर धावपळ करेपर्यंत अर्धा तास गेला होता. नंतर विभागाच्या बैठकीत आपल्याकडे अशा वेळी जे होतं तेच ठरलं: सरसकट चार मार्क. मीही मान डोलावली होती. चहा यायचा होता, अजून तीन विषय बाकी होते. आता या मुलीचं म्हणणं असं, की तिनं तो प्रश्न सोडवला होता. पुढच्या उपप्रश्नात जास्तीत जास्त बेंडिंग मोमेंट, म्हणजे भारानं तुळईला वाकवणारा जोर, ३० दिलेला होता. भार मध्यावर असला की भाराला लांबीनं गुणून चारानं भागायचं, मोमेंट मिळतो. तिनं ते उलटं केलं होतं आणि लांबी ६ मीटर काढून, तिला चौकट करून, पुढचं सगळं गणित तडीला नेलं होतं. साठ जणांच्या वर्गात असं करणारे तिघंच.

"अगं, तुझे चार तुझ्याकडेच आहेत की," मी म्हटलं.

तिनं मोबाइल पुढे केला. वर्गातल्या कुणीतरी सगळ्यांचे मार्क रोल नंबरप्रमाणे शीटमध्ये भरले होते. आम्ही ग्रेड लावायच्या आधी पोरांनी त्या लावलेल्या असतात, हे मला नवीन नव्हतं. सरासरी ४८. प्रमाण विचलन, म्हणजे मार्क सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप, ज्याला सगळे सिग्माच म्हणतात, ते १४. आमच्याकडे सरासरीच्या वर दीड सिग्मा गेलं की सर्वांत वरची ग्रेड, म्हणजे रेघ ६९ वर. तिचे होते ७०. आता सत्तावन्न जणांना चार चार मार्क चढवल्यावर सरासरी जवळजवळ ५२ झाली, सिग्मा जरासा आकसला आणि रेघ जाऊन बसली ७२ च्या पुढे. तिचे ७० ते ७०च. एका मार्काला धक्का न लावता ती एक पायरी खाली आली होती. मी शीटमधला प्रत्येक आकडा तपासला. तिचं गणित बरोबर होतं.

मी पदवी घेतली तेव्हा हे गणित अस्तित्वातच नव्हतं. ४० ला पास, ६६ ला डिस्टिंक्शन, एवढंच काय ते. शेजारच्याला ८० पडोत नाहीतर १८, माझ्या ६६ ला त्याचं सोयरसुतक नसे. पीएलच्या, म्हणजे परीक्षेआधीच्या अभ्याससुट्टीच्या, रात्री आमच्या हॉस्टेलच्या व्हरांड्यात एक मुलगी गणितातला लाप्लास शिकवत बसायची. तिला ते कसं कोण जाणे, पहिल्यांदा वाचूनच कळलं होतं. आम्ही सात-आठजणी चटईवर, मधे मॅगीचं पातेलं, कुणीतरी डासांची उदबत्ती लावलेली, आणि ती न कंटाळता तेच तेच पुन्हा सांगतेय. तिचं ते उदारपण खोटं नव्हतं. पण ते स्वस्तही होतं, हे मला फार उशिरा कळलं. आम्हाला शिकवून तिचं काहीच जात नव्हतं. आमचा सगळ्यांचा शत्रू एकच, आणि तो आमच्यातला नव्हता. कुठल्यातरी लांबच्या कॉलेजात बसलेला पेपरसेटर, कॅप सेंटरवर, म्हणजे पेपर तपासायच्या केंद्रावर, गठ्ठ्यांमागून गठ्ठे उपसणारा परीक्षक, आणि एकूणच 'युनिव्हर्सिटी'. निकालाच्या दिवशी युनिव्हर्सिटीनं कुणाला मारलं, कुणाला तारलं याचीच चर्चा. एम-थ्रीत, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरात, अर्धा वर्ग आडवा झाला, की अर्ध्या वर्गाचं दुःख एकच असायचं, आणि ते कँटीनमध्ये उधारीवर साजरंही व्हायचं.

अर्थात त्या पद्धतीचे गोडवे गायला मी बसलेली नाही. मे महिन्यात पेपर अवघड निघाला म्हणून केटी लागलेली पोरं आणि डिसेंबरात तोच विषय सोपा आला म्हणून ७० पाडून गेलेली पोरं मी एकाच बाकावर पाहिलेली आहेत. दोघांच्या गुणपत्रिकेवर शिक्का एकच. पुढे नोकरीच्या मुलाखतीत समोरच्याला काय पत्ता, की यांतल्या एकाचा पेपर चांगल्या मूडमधल्या माणसानं काढला होता?

मग पदव्युत्तर शिक्षणाला एका केंद्रीय संस्थेत गेले आणि पहिल्याच चाचणीत मला १०० पैकी ३८ पडले. रात्रभर रडले. घरी फोन केला नाही. सकाळी कळलं की वर्गाची सरासरी २९ आहे, आणि शेजारच्या खोलीतली मुलगी माझ्याकडे पेढे मागायला आली. ३८ ला पेढे! आधी मला ती चेष्टाच वाटली. पवईच्या आयआयटीत किंवा नागपूरच्या व्हीएनआयटीत शिकलेल्यांना यात काहीच नवल वाटणार नाही. एए म्हणजे १० पॉइंट, एबी म्हणजे ९, असं उतरत उतरत डीडी म्हणजे ४ आणि त्याखाली एफएफ, ही शिडी त्यांच्या बोलण्यात मुरलेली असते. मार्क किती पडले, असं तिथं कुणी विचारत नाही. अ‍ॅव्हरेज किती, हा पहिला प्रश्न. मलाही महिनाभरात ती सवय लागली. खरं सांगायचं तर सुखही वाटलं. मास्तरांनी पेपर कितीही भयंकर काढावा, आपण सगळे एकत्रच बुडणार आहोत, आणि बुडताना ज्याचं नाक पाण्याच्या वर राहील तो पास.

मात्र तिथल्या व्हरांड्यात कुणी लाप्लास शिकवत नव्हतं. "किती झालं गं?" असं विचारलं की "कुठं काय, अजून हातच लावला नाही," हे उत्तर ठरलेलं. आणि विचारणारीलाही ते खोटं आहे हे ठाऊक असायचं. या वागण्याला पोरांनी 'आरजी' असं नावच ठेवून टाकलं होतं, रिलेटिव्ह ग्रेडिंगची आद्याक्षरं. अमक्यानं आरजी मारली म्हणजे नोट्स दडवल्या, किंवा वाचनालयातलं एकुलतं पुस्तक भलत्याच कपाटात नेऊन ठेवलं. दडवादडवीच्या गोष्टी सांगितल्या जायच्या त्या मानानं घडायच्या थोड्या, असं आज मला वाटतं. माझ्यापुरती एक घडली, आणि ती कुणाला दिसली नाही. आमच्या वर्गात जी सर्वांत हुशार होती ती क्विझच्या आदल्या रात्री तापानं फणफणली. मी मेसमधल्या काकांना सांगून तिच्यासाठी मऊ भात करून घेतला, वर तूप-मीठ घातलं, खोलीत नेऊन दिला, उशाशी बसून कपाळावर पट्ट्या ठेवल्या. ती उद्या क्विझला येणार नाही, ही गोष्ट त्या सगळ्या वेळात माझ्या डोक्यात होती. पट्टी पिळताना होती. तिला बरं वाटावं असं मला मनापासून वाटत होतं, आणि उद्या दुपारनंतर बरं वाटावं असंही वाटत होतं.

ही पद्धत कुणा दुष्टानं काढलेली नाही. अमेरिकेतल्या मिझुरी विद्यापीठात मॅक्स मेयर नावाचा मानसशास्त्रज्ञ होता. आपल्या सहकाऱ्यांनी दिलेल्या ग्रेड त्यानं समोर मांडल्या तर एका विषयात निम्म्याहून जास्त पोरं अव्वल, आणि दुसऱ्या विषयात शंभरात एखादंच. पोरं तीच, विद्यापीठ तेच, बदलला होता तो मास्तरांचा हात. १९०८ मध्ये त्यानं सुचवलं, की प्रत्येक वर्गात ३ टक्के अव्वल, २२ टक्के उत्तम, मधले ५० मध्यम, २२ कच्चे आणि ३ नापास, असं वाटप असावं. मागे घंटेच्या आकाराचा तो प्रसिद्ध वक्र होताच. तो त्याआधी खगोलशास्त्रज्ञांच्या कामाचा. एकाच ताऱ्याची जागा दहादा मोजली की दहा उत्तरं येतात, त्या चुका कशा पसरतात हे सांगणारा. बेल्जियमच्या अडॉल्फ केतलेनं एकोणिसाव्या शतकात तो माणसांना लावला, स्कॉटिश सैनिकांच्या छातीच्या मापांनाही लावून पाहिला, आणि तो बसला. हजारो सैनिकांच्या छात्यांना बसलेला वक्र माझ्या साठ पोरांच्या डोक्यांना बसेलच, हे मात्र कुणी सिद्ध केल्याचं मला आठवत नाही.

बसत नाहीच तो. आमच्याकडे दुसऱ्या वर्षाला डिप्लोमाची पोरं थेट प्रवेश घेऊन येतात. पॉलिटेक्निकमधून आलेली, साइटवर काम केलेली, ड्रॉइंग शीटवर ज्यांचा हात असा चालतो की बघत राहावं. गणितात मात्र ती घाबरलेली असतात. बारावी आणि सीईटी करून आलेल्यांचं नेमकं उलटं. पहिल्यांदा मी या वर्गाच्या मार्कांचा आलेख काढला तेव्हा घंटा कुठंच नव्हती, दोन मदारींचा उंट होता. एक मदार ३५ च्या आसपास, दुसरी ६० च्या. आणि सरासरी आली दोघांच्या मधल्या खोलगटात, जिथं वर्गातलं कुणीच बसलेलं नव्हतं. त्या कुणीच नसलेल्या जागेवरून मी बाकीच्यांची अंतरं मोजत होते. सूत्र आपलं काम चोख करतं, सरासरी कुणाची आहे हे ते विचारत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मार्गदर्शक तत्त्वांत दोन्ही वाटा मोकळ्या आहेत, ठरलेल्या मार्कांच्या टप्प्यांवर ग्रेड द्या किंवा वर्गाच्या वाटपावर द्या. ऐच्छिक विषयाला दहा-बारा पोरं असली तर सरासरी-सिग्मा लावण्यात काही अर्थ नाही, हे बहुतेक सगळे जाणतात. साठ जणांना तो कितपत आहे, यावर मात्र बैठकीत बोलणं होत नाही. उशीर झालेला असतो.

सूत्र बाजूला ठेवून डोळ्यांनी रेघ ओढणारे जुने सरही मी पाहिले. ते मार्कांची उतरती यादी छापून घेत, चष्मा कपाळावर चढवत आणि पेन्सिलनं फटी शोधत. ७१, ७०, ७०, मग एकदम ६६. "ही बघा, इथं आपोआप पडली रेघ." रेघेच्या लगेच खाली कुणी अडकलेलं राहू नये, एवढाच त्यांचा नियम. शास्त्र शून्य, पण त्यांच्या केबिनबाहेर कधी रांग लागली नाही. ते निवृत्त झाले आणि विभागात सॉफ्टवेअर आलं. त्यात मार्क भरले की ग्रेड पडतात, आणि कुणी विचारलं तर स्क्रीनकडे बोट दाखवता येतं. ही सोय केवढी मोठी आहे, ते मास्तरकी केल्याशिवाय कळत नाही.

या सगळ्याचा घरच्यांना पत्ता नसतो. गावाकडून आलेले वडील माझ्यासमोर खुर्चीच्या कडेवर बसतात आणि हळूच विचारतात, "मॅडम, ७.७५ म्हणजे टक्के किती हो?" त्यांच्या डोक्यात फर्स्ट क्लास ठरलेला आहे, साठाचा. मी एआयसीटीईचा, म्हणजे तंत्रशिक्षण परिषदेचा, ग्रेड-पॉइंटांचे टक्के करायचा तक्ता काढते. ६.७५ म्हणजे ६०, ७.७५ म्हणजे ७०. त्यांचा चेहरा उजळतो. म्हणजे आधी आम्ही मार्कांतून सरासरी वजा केली, सिग्मानं भागलं, त्याची ग्रेड केली, ग्रेडचे पॉइंट केले, आणि शेवटी त्यातून पुन्हा टक्के काढून त्यांच्या हातावर ठेवले. पोरानं पेपरात मिळवलेल्या टक्क्यांशी या ७० चा संबंध लावायला गेलात तर लागणार नाही. पण प्लेसमेंटला आलेल्या कंपनीचा अर्जही तेच मागतो: सरसकट ६० टक्के, दहावीपासून. मी काय त्या वडिलांना मॅक्स मेयर सांगणार?

त्या मुलीचं म्हणणं मी विभागाच्या समितीपुढे नेलं. पर्याय तरी काय होते? प्रश्नच रद्द करून पेपर ९६ चा धरला, तरी तिनं सोडवलेलं पाण्यात. कुणालाच फुकटचे दिले नाहीत, तर ज्या पोरांचा त्या आकृतीपायी अर्धा तास गेला त्यांच्यावर अन्याय. तिघांना जादा द्यावेत, तर चारपैकी चारच्या वर कुठून देणार? समितीतले एक सर म्हणाले, सरसकट म्हणजे सरसकट. वर हेही म्हणाले, की या मुलीला दुसऱ्यांचं बरं झालेलं बघवत नाही. तेवढं मात्र मला झोंबलं. कारण केबिनमधून जाताना ती दारात थांबून म्हणाली होती, "माझ्या रूममेटला ६६ होते, आता तिचेपण ७० झाले. तिला राहू देत मॅडम. तिला ताप होता त्या दिवशी." आणि त्या रूममेटला तरी काय मिळालं? चार चढले तरी ती होती त्याच ग्रेडमध्ये राहिली. फुकटचे चार मार्क वाटून वरच्या पोरांत कुणाचं काहीच वाढलं नाही, एकीचं कमी झालं.

तळाशी मात्र वाढलं. पास होण्यासाठी आमच्याकडे सूत्र नाही, ३० ची सरळ अट आहे, आमच्या जुन्या ४० सारखी. २७-२८ वर अडकलेली तीन पोरं त्या चारांनी वर आली. तिघंही डिप्लोमाची. त्यातल्या एकाचं वर्ष वाचलं. हे मी तिला सांगावं का, यावर मी एक संध्याकाळ घालवली आणि सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिला बरं वाटलं असतं की आणखी वाईट, ते मला ठरवता येईना. आणि तिची ग्रेड ही त्या मुलाच्या वर्षाची किंमत आहे, असला हिशोब एकोणीस वर्षांच्या मुलीपुढे मांडायचा मला अधिकारही वाटेना. दोघांना एका तराजूत आम्ही घातलं होतं, त्यांनी स्वतःहून नव्हे.

या सत्रात नवा वर्ग आहे. पहिल्याच तासाला ग्रेडिंगचं सगळं फळ्यावर लिहिलं. सरासरी, सिग्मा, दीड सिग्मा. सीईटी आणि जेईई करून आलेल्या पोरांना नवलाई कमीच, ती बिचारी पर्सेंटाइलमध्येच वाढली आहेत. मग मी त्यांना जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातली गोष्ट सांगितली. २०१२ च्या सत्रअखेरीला तिथं पीटर फ्रोलिश नावाच्या प्राध्यापकाच्या विद्यार्थ्यांनी ठरवून परीक्षेला बसायचं नाकारलं. त्याचा नियम असा, की वर्गातले सर्वांत जास्त मार्क म्हणजे पैकीच्या पैकी, बाकीचे त्या प्रमाणात. कुणीच बसलं नाही तर सर्वांत जास्त शून्य, म्हणून सगळ्यांना 'ए'. पोरं हॉलच्या दाराबाहेर उभी राहून एकमेकांवर नजर ठेवत होती, कुणी आत घुसलं तर बाकीचेही लगोलग घुसणार. कुणी घुसलं नाही. प्राध्यापकानं शब्द पाळला, 'ए' दिले आणि नियम बदलून टाकला.

वर्गात अर्थातच धमाल उडाली. पुढच्या बाकावरच्यानं लगेच हिशोब घातला, "पण मॅडम, आपल्याकडे सिग्मा आहे. सगळे शून्य तर सिग्मा शून्य, सगळे सरासरीवर." दुसरा म्हणाला, "आणि तीसची अट आहे ना बाबा, सगळेच नापास." मग तीस-तीस मार्कांपुरतं सगळ्यांनी सारखंच लिहायचं, कोणते प्रश्न सोडवायचे ते आदल्या रात्री ग्रुपवर टाकायचं, असा बेत रंगला. नेमके तीस कसे पडतील, स्टेप मार्किंगचं काय, एखाद्याला चुकून साडेतीस पडले तर सिग्मा किती येईल, असं पाच मिनिटं नुसतं गणित चाललं होतं. सिग्मावर एवढी घनघोर चर्चा माझ्या तासाला पूर्वी झालेली नाही. शेवटी मी विचारलं, "आणि ऐनवेळी एखाद्यानं एकतिसावा मार्क लिहिला तर?"

"एखादा कशाला," मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, "आम्ही सगळेच लिहू की."

घंटा झाली तरी ती पोरं जागची हलली नव्हती. आता शीट कोण बनवणार, यावर त्यांची वादावादी सुरू होती.